उतारावरच्या घरासाठी छोटी सेडान कशी पारखावी

कोकणात पहिल्यांदाच गाडी घेऊ पाहणाऱ्या माणसाला हल्ली चारी बाजूंनी एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे ‘उंच गाडी घ्या, सेडान आपल्या रस्त्यांची नव्हे’. हा सल्ला अगदीच खोटा नाही. पण तो देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली बुटकी गाडी, स्वतःच्या दारापर्यंत आणून तपासलेली असते. मी गुहागर तालुक्यातील एका वाडीत राहतो, आमचे घर डांबरी रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे आणि सध्या वापरात असलेली माझी छोटी सेडान दुसरी आहे. पहिली मी शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर चालवून पसंत केली होती. ती घरी आणली त्या संध्याकाळी, आई, पत्नी, दोन मुले आणि पेढ्यांचे खोके यांच्यासह घराच्या वाटेला वळताना, तिचे पोट चिऱ्याच्या कडेवर असे खरवडले की ओवाळणीचे तबक घेऊन खळ्यात उभ्या असलेल्या काकूंना तो आवाज आधी ऐकू आला आणि गाडी नंतर दिसली. गाडी वाईट नव्हती. मी तिला भलत्या जागी पारखले होते.

म्हणून हा लेख गाडीची परीक्षा कोणत्या जागी, किती माणसांसह आणि कोणत्या क्रमाने घ्यावी यासाठी आहे. कोणती गाडी घ्यावी ते ज्याचे त्याने त्यावरून ठरवावे.

आधी आपली वाट मोजावी

शोरूमला जाण्यापूर्वीचे काम घरीच असते आणि त्याला मोजपट्टी, एक मीटर लांबीची सरळ काठी, गवंड्याची पाणसळ आणि वही एवढेच साहित्य लागते. घराच्या वाटेवर जिथे चढ सर्वांत खडा वाटतो तिथे काठीचे एक टोक जमिनीवर टेकवावे, दुसरे टोक उताराच्या दिशेने धरून पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत वर-खाली करावे आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर 20 सेंटिमीटर आले तर चढ पाचास एक, म्हणजे 20 टक्के झाला. घाटातले मोठे रस्ते याहून पुष्कळच सौम्य असतात, कारण ते ट्रक आणि एसटीसाठी आखलेले असतात. खरी खडी चढण असते ती आपल्या वाडीत, कारण ती कोणी आखलेलीच नसते. माझ्या अनुभवात 15 टक्क्यांपर्यंतच्या चढाला या वर्गातली कोणतीही गाडी कुरकुर करत नाही, 20 टक्क्यांना चालवणाऱ्याची परीक्षा होते आणि त्यापुढे सेडान घेण्याचा हट्ट धरू नये.

यानंतर दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधले, म्हणजे दगडी कुंपणांमधले, अंतर मोजावे. कंपन्या रुंदी सांगतात ती आरसे वगळून सांगतात. या गाड्यांची रुंदी साधारण 168 ते 174 सेंटिमीटर असते, आरसे उघडे असताना तीत दोन्ही बाजूंची भर पडते आणि चिऱ्याचा गडगा काही सरळ रेषेत रचलेला नसतो, तेव्हा सर्वांत अरुंद ठिकाणी सव्वादोन मीटर मोकळे मिळत असेल तरच निर्धास्त राहावे. वाटेवर काटकोनातले वळण असेल तर तिथले मापही वहीत असावे, कारण वळण एका दमात बसले नाही की उतारावर मागे-पुढे करण्याची वेळ येते आणि क्लचचे आयुष्य नेमके तिथेच संपते.

या गाड्या अशा आखूड का असतात

हे कळले की पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क कमी केले गेले आणि तेव्हापासून कंपन्यांनी सेडानची शेपटी छाटायला सुरुवात केली. टाटाची इंडिगो सीएस 2008 मध्ये आली. मारुतीची पहिली स्विफ्ट डिझायर चार मीटरांहून लांब होती, ती 2012 मध्ये 3995 मिलिमीटरांत बसवली गेली. त्यामागून होंडा अमेझ, ह्युंदाई एक्सेंट, टाटा टिगोर आणि एक्सेंटच्या जागी आलेली ऑरा या सगळ्या त्याच मापात आल्या. जीएसटीतही ही सवलत टिकली आणि 22 सप्टेंबर 2025 पासून या मापातल्या गाड्यांवर 18 टक्के कर आहे, जो त्याआधी 28 टक्के आणि वर उपकर असा होता.

याचा अर्थ असा की बाराशे सीसीचे, टर्बो नसलेले, 82 ते 90 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, साधारण 245 सेंटिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) आणि आखूड पण खोल डिकी, हा साचा सगळ्यांना सारखाच आहे. डिझेल आता या वर्गातून गेलेच, तेव्हा पूर्वी चुलत्यांच्या डिझेल गाडीत बसून घाट चढल्याची आठवण मनात ठेवून नवी गाडी पारखू नये. डिझेलची ओढ खालच्या आरपीएमला मिळत असे. या पेट्रोल इंजिनांचा 110 ते 114 न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, बराच वर, चार हजार आरपीएमच्या आसपास पूर्ण मिळतो. गाडी ‘ओढत नाही’ अशी तक्रार करणारे बहुतेक जण तिला दोन हजारांवरच पुढच्या गिअरमध्ये टाकत असतात.

पोट लागते का

माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच राहते त्याचा, आकडा रिकाम्या गाडीचा असतो. डिझायरचा 163, ऑराचा 165, टिगोरचा 170 आणि अमेझचा 172 मिलिमीटर असे आकडे वाचून नऊ मिलिमीटरांवर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण पाच माणसे आणि सामान चढले की मागची बाजू त्याहून कितीतरी जास्त बसते आणि किती बसते ते स्प्रिंगांच्या कडकपणावर ठरते. टेस्ट ड्राइव्हला म्हणूनच सगळे कुटुंब घेऊन जावे. विक्रेता एकट्या गिऱ्हाइकाला खूष करू शकतो. मागे आजी, आत्या आणि दोन मुले बसली की त्याला गप्प बसावे लागते.

दुसरी गोष्ट, पोट सपाट रस्त्यावर लागत नाही, खड्ड्यातही सहसा लागत नाही. ते लागते तिथे, जिथे सपाट रस्ता एकदम उताराला वळतो आणि मधली कड दोन चाकांच्या बरोबर मध्ये येते. आमच्या वाटेच्या तोंडाशी असलेली कड हीच. दुसरी गाडी घेताना मी जी युक्ती केली ती कोणालाही करता येईल. पावसाळ्याचे दिवस होते. खळ्याच्या कडेची ओली माती मळून तिचे तीन गोळे केले, प्रत्येकाची उंची मोजून 15 सेंटिमीटर ठेवली आणि कडेवर, गाडीच्या मधल्या रेषेत, हात-हात अंतरावर मांडले. मग पाच जणांसह गाडी सावकाश त्यावरून उतरवली. पहिला गोळा शाबूत होता, दुसऱ्याचा माथा बोटभर चपटा झाला होता आणि तिसऱ्यावर सायलेन्सरच्या पाइपाची गोल खाच उमटली होती. जमीन पाइपापासून किती दूर राहते ते त्या खाचेखाली उरलेली माती मोजून कळले: साडेअकरा सेंटिमीटर. म्हणजे धोका नव्हता, पण सहावा माणूस किंवा सिमेंटची गोणी घेऊन इथून जायचे नाही हेही ठरून गेले. विक्रेत्याच्या मुलाने आधी हसून पाहिले आणि नंतर मोबाइलवर त्या गोळ्यांचा फोटो काढून घेतला.

शोरूम दूर असेल आणि गाडी दारात आणायला ते तयार नसतील तर आग्रह धरावा. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, महाड इथल्या विक्रेत्यांना वाड्यांवरचे उतार नवे नाहीत, आणि विक्री होणार असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर गाडी पाठवायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.

पुढचा बंपर वेगळा तपासावा लागतो. त्याच्या खालची काळी रबरी झालर लागली तर फारसे बिघडत नाही. बंपर स्वतः लागत असेल तर काही महिन्यांत त्याचे क्लिप निघतात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने ज्यांचे जाणे-येणे असते त्यांनी बोटीची लोखंडी फळी आणि धक्क्याचा उतार जिथे मिळतात तो कोन आपल्या परीक्षेत धरावा, कारण घाईत बोटीवर चढताना पुष्कळ सेडानचे नाक तिथेच घासते.

भरलेल्या गाडीने चढाच्या टोकाला थांबून पुन्हा निघणे

संपूर्ण तपासणीत मी सर्वांत जास्त वजन या एका गोष्टीला देतो. घर रस्त्याच्या खाली असले की रोज सकाळी चढ चढून वर यायचे, टोकाला डांबरी रस्त्यावरून काही येते का ते पाहण्यासाठी थांबायचे आणि तिथूनच, नाक आकाशाकडे असताना, पुन्हा निघायचे असते. नवशिक्याची गाडी इथे मागे घसरते, घाबरून तो क्लच अर्धा सोडून इंजिन घुमवत राहतो आणि थोड्याच वेळात जळक्या फेरोडोचा, म्हणजे क्लचच्या अस्तराचा, वास गाडीत येतो.

टेस्ट ड्राइव्हच्या गाडीने हेच करावे: पाच माणसे, एसी चालू, चढाच्या सर्वांत खड्या भागावर पूर्ण थांबणे, मग निघणे. असे तीनदा. पहिल्यांदा हँडब्रेक लावून निघावे आणि हँडब्रेक भरलेल्या गाडीला धरून ठेवतो का ते पाहावे. दुसऱ्यांदा हिल होल्ड असेल तर त्याच्या भरवशावर निघावे. ब्रेकवरून पाय काढल्यावर ही सोय गाडीला दोनेक सेकंद धरते आणि नवशिक्याला तेवढे पुरतात. तिसऱ्यांदा एसी बंद करून निघावे आणि फरक किती पडतो ते मनाशी नोंदवावे. हिल होल्ड खालच्या प्रकारात (व्हेरिअंटमध्ये) मिळत नसेल तर अलॉय चाकांचे आणि मोठ्या स्क्रीनचे पैसे वाचवून ते असलेला प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिअरबॉक्सचा प्रश्नही इथेच सुटतो. या वर्गात डिझायर, ऑरा आणि टिगोर यांना एएमटी मिळते, तर अमेझला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर सलग बदलत जाणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम मोटर करते. सपाट रस्त्यावर आणि बाजारपेठेतल्या गर्दीत ती सोयीची आहे, पण चढावरच्या वळणात ती कधी कधी नेमक्या नको त्या क्षणी गिअर बदलायला जाते आणि ओढ क्षणभर तुटते. एएमटी पसंत असेल तर कुंभार्ली किंवा आंबा घाटात तिला मॅन्युअल मोडवर टाकून चालवून पाहावे; तिथे ती शहाण्यासारखी वागते. सीव्हीटीत हा झटका नसतो, मात्र जोर मागितला की इंजिनाचा आवाज बराच वेळ एकाच पट्टीत चढलेला राहतो आणि काहींना तो सहन होत नाही. घाट उतरताना कोणत्याही गाडीत खालचा गिअर ठेवून इंजिनाच्या ब्रेकवर उतरता येते का ते पाहावेच, कारण आंबोली किंवा करूळचा उतार नुसत्या पायाच्या ब्रेकवर उतरणाऱ्याचे ब्रेक तापून सैल पडतात.

इंजिन तीन सिलिंडरचे की चार, यावर फार चर्चा चालते. डिझायर आणि टिगोर यांना तीन सिलिंडर आहेत, अमेझ आणि ऑरा यांना चार. तीन सिलिंडरची गाडी उभी असताना किंचित थरथरते. स्टिअरिंगवर हलका हात ठेवला की कळते. सवय होते. यावरून गाडी नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

मागची सीट आणि डिकी

गाडी घरच्यांसाठी घ्यायची आहे तर आधी मागे बसावे. सेडानचे छत मागे उतरते, सीट खोल असते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात बसणे सोपे पण उठणे कठीण जाते. आमच्या आईने एका गाडीतून उतरताना दाराच्या वरच्या चौकटीला दोन वेळा डोके आपटून घेतले, तिसऱ्या वेळी ती उतरलीच नाही, आतूनच म्हणाली, “ही नको, दुसरी दाखवा.” तो निर्णय पाच मिनिटांत झाला आणि योग्यच झाला. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला नऊवारी असो वा लुंगी, रोजच्या कपड्यांत बसायला आणि उतरायला लावावे, तेही गाडी किंचित उतारावर उभी असताना, कारण तेव्हा दार अंगावर येते. मागे तीन मोठी माणसे बसवून मधल्याला त्याचा पट्टा लावता येतो का, तो पट्टा खांद्यावरून जाणारा आहे की नुसता कमरेचा, हे पाहावे.

सुरक्षेच्या बाबतीत भारत एनसीएपीची, म्हणजे गाडी आदळवून तिला तारे देणारी, चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली असून तिच्यात मोठ्यांसाठी 32 आणि मुलांसाठी 49 गुण असतात. नव्या डिझायरला ग्लोबल एनसीएपीचे पाच तारे 2024 मध्ये मिळाले, तेव्हा छोट्या सेडानला ते जमत नाही हा समज मागे पडला. आपल्याला हवा असलेला प्रकार नेमका कोणत्या वर्षीच्या चाचणीत उतरला होता ते विचारून घ्यावे, कारण नियम बदलले आहेत आणि जुने तारे नव्या ताऱ्यांइतके चमकत नाहीत.

डिकीच्या लिटरांवर जाऊ नये. डिझायरचे 382, ऑराचे 402, अमेझचे 416 आणि टिगोरचे 419 लिटर हे आकडे कोपऱ्याकोपऱ्यांतून मोजलेले असतात, आणि आपले सामान काही पाणी नव्हे. सेडानच्या डिकीत आत जागा असते पण तोंड अरुंद आणि उंबरठा उंच असतो. आंब्यांची पाच डझनी लाकडी पेटी आडवी आत गेली तरी झाकणाच्या बिजागरीचे वाकडे हात बंद होताना तिच्यावर आपटतात का ते पाहावे. मी एक रिकामी पेटी शोरूममध्ये नेली होती. एका गाडीत अशा चार बसल्या, दुसरीत जागा अधिक असूनही तीनच, कारण चौथी तोंडातून वळेना. बहुतेक छोट्या सेडानमध्ये मागच्या सीटची पाठ पुढे पडत नाही, म्हणून लांब पाइप, शिडी किंवा उंच गणेशमूर्ती यांसाठी ही गाडी नाही. मूर्ती पाटासकट मांडीवर घेऊन मागे बसणाऱ्याचे डोके छताला लागते का, एवढे मात्र आधी पाहून ठेवता येते.

पाऊस

ज्या जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो तिथे गाडी उन्हाळ्यात पारखणे हे आंब्याची परीक्षा मोहोरावरून करण्यासारखे आहे. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये टेस्ट ड्राइव्ह घ्यावी. भिजलेली चार माणसे काचा बंद करून बसली की समोरची काच आतून धुरकटते. एसी काचेकडे वळवल्यावर ती किती वेळात स्वच्छ होते ते घड्याळ लावून पाहावे. मागच्या काचेचे डिफॉगर (काचेवरचे धुके घालवणाऱ्या तारा) सगळ्या प्रकारांत मिळत नाही आणि सेडानला मागे वायपर नसतोच, त्यामुळे ते नसेल तर पावसात उतारावरून गाडी मागे घेताना नुसत्या आरशांवर भागवावे लागते. रिव्हर्स कॅमेऱ्यावर चिखलाचा थेंब बसला की तो आंधळा होतो. पांढरे प्रखर एलईडी दिवे कोरड्या रात्री छान दिसतात, पण आंबोलीच्या धुक्यात ते समोर पांढरा पडदा उभा करतात. तिथे खाली बसवलेले फॉगलॅम्प उपयोगी पडतात.

साचलेल्या पाण्यासाठी एकच नियम: बॉनेट उघडून इंजिनाला हवा घेणाऱ्या नळीचे तोंड कुठे आहे ते विक्रेत्याकडून दाखवून घ्यावे आणि पाणी चाकाच्या निम्म्यावर दिसले तर गाडी घालू नये. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साधा विमा हे नुकसान सहसा भरून देत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे कवच वेगळे घ्यावे लागते. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा उभ्या जागीच कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि या कवचाची किंमत तेव्हा अनेकांना कळली. नदीकाठच्या किंवा खाडीकाठच्या माणसाने ते घ्यावेच; सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, राहणाऱ्याने ते पैसे वाचवले तर चालेल.

खारी हवा आणि झाडाचा पाला

समुद्रापासून दोन-चार किलोमीटरांच्या आत गाडी उघड्यावर राहणार असेल तर गंज हा धरून चालण्याचा विषय आहे. मात्र शोरूममध्ये गळ्यात मारले जाणारे प्रत्येक कोटिंग घेण्याची गरज नाही. नव्या गाडीखाली वाकून सांधे, वेल्डिंगच्या कडा आणि चाकांच्या कमानींच्या आत कंपनीचाच जाड लेप आहे का ते टॉर्चने पाहावे. तो नीट असेल तर पावसाळा संपताच आणि फेरीबोटीच्या प्रत्येक प्रवासानंतर खालून गोड्या पाण्याने धुणे एवढ्याने पुष्कळ काम होते.

फणस किंवा आंब्याच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्याने एक जागा ओळखून ठेवावी: बॉनेट आणि समोरची काच यांच्यामधली जाळी. तिथला पाला खाली उतरून निचऱ्याची भोके बुजवतो आणि मग पाणी एसीच्या ब्लोअरमधून पुढच्या पायपुसण्याखाली येते. माझ्या पहिल्या गाडीला हे झाले तेव्हा सर्व्हिस सेंटरने दाराची रबरे बदलली आणि पैसे घेतले. खरे कारण वाडीतल्या रिक्षावाल्याने मूठभर कुजकी पाने काढून दाखवले.

इंधन, आणि स्टेशनबाहेरची माणसे

मायलेजचा जाहीर आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चक्रावर निघतो, त्याला घाट, एसी आणि पाच माणसे माहीत नसतात. शिवाय आता मिळणाऱ्या ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधील इथेनॉलमध्ये तेवढ्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्याचाही परिणाम होतोच. खरा आकडा हवा असेल तर टाकी काठोकाठ भरून, आठवडाभर वापरून, त्याच पंपावर पुन्हा भरून हिशेब करणाऱ्या मालकाला विचारावे.

असे मालक कुठे भेटतात? रत्नागिरी, चिपळूण, कणकवली यांच्या रेल्वे स्टेशनबाहेर. तिथे उभ्या असलेल्या टॅक्सींत छोट्या सेडान भरपूर असतात आणि कोकणकन्या एक्सप्रेस यायला वेळ असला की चालक मोकळेपणाने बोलतात. ‘गाडी कशी आहे?’ असे विचारू नये, त्याला ‘बरी आहे’ एवढेच उत्तर मिळते. क्लच किती हजारांवर बदलला, पुढच्या चाकांच्या जोडणीतले बुश आणि लोअर आर्म किती टिकले, सामान गावात मिळते की कोल्हापूरहून मागवावे लागते, सर्व्हिसला गाडी किती दिवस अडकते, असे विचारावे. अर्ध्या तासात मिळणारी ही माहिती कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

सीएनजीचा विचार रोज पन्नास किलोमीटरांपेक्षा अधिक फिरणाऱ्याने करावा. डिकीची जागा सिलिंडर खातो. टाटाने दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून ती बरीच वाचवली आहे. चढावर जोर कमी पडतो, म्हणून मातीच्या गोळ्यांची आणि चढाची दोन्ही परीक्षा सीएनजी गाडीचीच आणि गॅसवरच घ्यावी. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, करावी लागते. आणि मे महिन्यात व गणपतीत, मुंबईहून चाकरमानी आले की, महामार्गावरच्या पंपांवर किती तास रांग लागते ते एकदा स्वतः जाऊन पाहावे.

पैसे आणि ताबा

शोरूमच्या किमतीवर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला 11 टक्के रस्ता कर लागतो, सीएनजीला तो कमी असतो. त्यावर विमा आणि नोंदणी. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, पण तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही, बाहेरचा दर लेखी आणून दाखवला की आतला दर बहुधा उतरतो. ‘हाताळणी शुल्क’ नावाची ओळ दिसली तर ती कशाबद्दल आहे ते विचारावे आणि काढून टाकायला सांगावे.

ताबा घेण्यापूर्वी, पैसे पूर्ण भरण्याआधी आणि नोंदणीआधी, दिवसाच्या उजेडात गाडी पाहावी. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2225 असे असेल तर टायर 2025 च्या बाविसाव्या आठवड्यातला. चारही टायर आणि स्टेपनी यांचे आकडे जवळपासचे असावेत. गाडीच्या निर्मितीचा महिना लेखी घ्यावा. किनाऱ्याजवळच्या यार्डात दोन-तीन महिने उभी असलेली गाडी असेल तर ब्रेकच्या तबकड्या, डिकीतल्या स्टेपनीखालचा पत्रा आणि बॅटरीची टोके यांवर गंज किंवा पांढरी बुरशी दिसते. तबकड्यांवरचा पातळ गंज चार ब्रेकांत जातो, पण स्टेपनीखाली पाणी किंवा गंज दिसला तर ती गाडी घेऊ नये, दुसरी मागावी.

गाडी घरी आणताना पहिल्या दिवशी सगळ्यांना वर रस्त्यावरच उतरवावे आणि रिकामी गाडी एकट्याने खाली न्यावी. पेढ्यांचे खोके हातात घेऊन बाकीच्यांनी मागून चालत यावे.